जिओथर्मल, एअर-सोर्स हीट पंप की फर्नेस? मिशिगनमधली दोन घरं आणि त्यांतली हवा

विहिरीचं पाणी उन्हाळ्यात गार लागतं आणि पौषातल्या पहाटे त्यावर वाफा दिसतात, हे गावाकडे राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात लोक घरासाठी जिओथर्मल घेतात ते याच भरवशावर. इथे दहाएक मीटर खाली जमीन बाराही महिने १० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, मग वर जानेवारीतले उणे १८ असोत की जुलैतले ३४. नाव ऐकून वज्रेश्वरीची गरम कुंडं डोळ्यांपुढे येतात, पण त्यांचा इथे संबंध नाही. हीट पंप हिवाळ्यात त्या १० अंशांच्या जमिनीतून ऊब उचलून घरात आणतो आणि उन्हाळ्यात घरातली उष्णता तिथेच नेऊन सोडतो.

आमचं घर अ‍ॅन आर्बर शहराच्या बाहेर आहे. गॅसची लाइन तिथवर आलेली नाही, म्हणून अंगणात प्रोपेनची टाकी होती. २०२२ मध्ये जुनी फर्नेस (इंधन जाळून घर तापवणारं यंत्र) बदलायची वेळ आली तेव्हा आम्ही जिओथर्मल घेतलं. माझ्या नणंदेचं घर नोव्हाय गावी, सबडिव्हिजनमध्ये (आखीव वसाहतीत), नैसर्गिक गॅसवर. तिने नंतर एसी बदलताना एअर-सोर्स, म्हणजे जमिनीऐवजी बाहेरच्या हवेतून ऊब उचलणारा, हीट पंप घेतला आणि गॅसची फर्नेस कडाक्याच्या थंडीसाठी तशीच ठेवली. "आम्ही काय घेऊ?" असं विचारणारे फोन आता आम्हा दोघींनाही येतात, म्हणून दोन्ही घरं शेजारी ठेवून लिहिते.

आमच्याकडचा खोदाईचा दिवस गावातल्या बोअरवेलसारखाच होता. तोच ट्रकवरचा रिग, तोच कानठळ्या बसवणारा आवाज, तोच राखाडी चिखल. फक्त पाणी लागायची वाट कोणी बघत नव्हतं. ४ टनांच्या यंत्रासाठी ३ बोअर मारले, प्रत्येकी साधारण २२० फूट. प्रत्येकात काळ्या एचडीपीई प्लॅस्टिकच्या पाइपचा लांबलचक यू सोडला आणि भोवती बेंटोनाइट मातीचं ग्राउट भरून भोक बुजवलं. त्या पाइपांतून अँटीफ्रीझ मिसळलेलं पाणी फिरत राहतं. हिरवळ पूर्ववत व्हायला दोन मोसम लागले. एकरभर मोकळी जागा असेल तर पाच-सहा फुटी चर खणून पाइप आडवे टाकता येतात आणि ते स्वस्त पडतं. नणंदेच्या घरामागे डेक आणि कुंपण यांच्यात जेमतेम जागा आहे, तिथे रिग शिरलाच नसता. तिचा हीट पंप एका दिवसात बसला.

पैसे

२०२२ मध्ये आम्हाला मिळालेली दरपत्रकं अशी होती: जिओथर्मल ३८,००० डॉलर, थंड प्रदेशासाठीचा एअर-सोर्स हीट पंप १९,०००, नवी प्रोपेन फर्नेस आणि एसी मिळून १२,०००. तेव्हा जिओथर्मलवर केंद्र सरकारची ३० टक्के करसवलत होती, त्यामुळे ११,४०० वजा झाले. ती सवलत ३१ डिसेंबर २०२५ला संपली. जुन्या लेखांत ती अजून दिसते, तिच्यावर विसंबू नका. राज्याची किंवा वीज कंपनीची सूट वेगळी असते, ती स्वतः फोन करून विचारा.

चालवण्याचा खर्च कळायला सीओपी हा एकच शब्द पुरतो: १ युनिट वीज खाऊन यंत्र किती युनिट ऊब देतं. जिओथर्मलचा सीओपी साडेतीनच्या आसपास आणि हिवाळाभर बऱ्यापैकी टिकणारा. एअर-सोर्सचा हिवाळ्याची सरासरी म्हणून मी २.४ धरते. बाहेर पारा उतरतो तसा तो घसरतो, म्हणजे नेमकी गरज वाढते तेव्हाच.

आम्ही हिवाळ्यात १,२०० गॅलन प्रोपेन जाळत होतो. गॅलनला २.४० डॉलर धरले तर २,८८०. चांगल्या फर्नेसमधून जेवढी ऊब मिळते तेवढी जिओथर्मलने द्यायला सुमारे ८,७०० युनिट वीज लागते. १९ सेंटच्या दराने ते साधारण १,६५० डॉलर. एअर-सोर्सला १२,७०० युनिट, म्हणजे २,४०० डॉलर. सवलत धरून फर्नेसपेक्षा आमचे १४,६०० डॉलर जास्त गेले, ते साधारण १२ वर्षांत फिटतील. आज सवलतीशिवाय तोच फरक २६,००० होतो आणि २१ वर्षं लागतात. आतलं यंत्र साधारण वीस-पंचवीस वर्षं चालतं, जमिनीतले पाइप पन्नासच्या वर. एसीच्या बिलात आणि गरम पाण्यात थोडी बचत होते ती निराळी, पण तिने हे गणित उलटत नाही.

नैसर्गिक गॅसवाल्यांसाठी हिशेब आणखी कठीण आहे. ९५ टक्के कार्यक्षमतेच्या फर्नेसमध्ये १ थर्म (बिलातलं गॅसचं माप) गॅस जाळून मिळणारी ऊब जिओथर्मलने द्यायला ८ युनिट वीज लागते, म्हणजे दीड डॉलर. नणंदेला थर्म सव्वा डॉलरच्या आत पडतो. मला घरात काहीही जाळणं नको वाटतं, त्यामुळे हा आकडा लिहिताना जिवावर येतं. पण तो तसाच आहे, आणि तुम्हाला तो कोणीतरी सांगायला हवा.

हवा

आम्हाला जिओथर्मल विकताना ठेकेदाराने सांगितलं होतं की यानंतर घरातली हवाही शुद्ध राहील. ते अर्धं खरं निघालं. ज्वाला गेली, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइडचं घरातलं मोठं उगमस्थान गेलं, आणि हा फायदा मी कधीच कमी लेखणार नाही. मात्र पहिल्याच जानेवारीत बेडरूममधला मॉनिटर सकाळी कार्बन डायऑक्साइड १,९०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १,९००) दाखवायला लागला. बाहेर तो ४२०च्या जवळपास असतो. डोकं जड व्हायचं, मुलगी उठल्या उठल्या चिडचिड करायची. कारण साधं होतं. जुनी फर्नेस आणि गिझर धुराड्यातून घरातली हवा सतत ओढून बाहेर टाकत, आणि तेवढी ताजी हवा फटींतून आत येई. आम्ही धुराडं काढलं, फटी बुजवल्या, आणि नकळत घराचा श्वास कोंडला. हीट पंप, मग तो जमिनीचा असो की हवेचा, घरातलीच हवा फिरवतो. बाहेरची हवा तो आत आणत नाही.

त्यावर उपाय ईआरव्ही, म्हणजे घरातली हवा बदलणारं यंत्र. बाहेर जाणारी शिळी हवा आणि आत येणारी ताजी हवा त्यात एकमेकींच्या शेजारून जातात, ऊब आणि ओलावा बराचसा आतच राहतो. किती हवा हवी याचा अमेरिकेतला रूढ हिशेब अ‍ॅश्रे या अभियंत्यांच्या संस्थेच्या ६२.२ मानकात आहे: दर १०० चौरस फुटांना मिनिटाला ३ घनफूट, अधिक माणशी साडेसात, आणि माणसं मोजायची ती बेडरूमच्या संख्येत एक मिळवून. आमच्या २,४०० चौरस फूट, ४ बेडरूमच्या घराला ११० घनफूट येतात. पुढच्या वसंतात ईआरव्ही बसवला आणि सकाळचा आकडा ८००च्या आत आला. ३८,०००च्या यंत्राने जे झालं नाही ते त्याच्या दहाव्या हिश्शाहून कमी खर्चात झालं.

स्वयंपाकघराचं वेगळं. आमच्या शेगडीवरचा हूड हवा जाळीतून ओढून पुन्हा तोंडावरच सोडणारा होता. एका संध्याकाळी ठेच्यासाठी मिरच्या-लसूण परतताना मी मॉनिटर ओट्यावर ठेवला. पीएम २.५, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण, आठवरून ३००च्या वर गेलं आणि जेवणं उरकून भांडी घासून झाली तरी साठावर होतं. आपली फोडणी, खमंग भाजणं, तळणं, यांचा धूर तेलातून येतो, म्हणून इंडक्शन घेतल्यानेही तो थांबत नाही. इंडक्शनने गॅसच्या ज्वाळेतला नायट्रोजन डायऑक्साइड टळतो, एवढंच. बाहेर सोडणाऱ्या डक्टचा हूड लागतोच. फार दांडगा नको: मिनिटाला ४०० घनफुटांच्या वर गेलात तर बाहेरून हवा आत यायची सोयही बहुतेक ठिकाणच्या नियमांप्रमाणे करावी लागते. मागचे बर्नर वापरा, हूडखाली धूर चांगला सापडतो.

फिल्टरच्या बाबतीत मात्र दोन्ही हीट पंप जुन्या फर्नेसपेक्षा सरस. फर्नेस जोरात पेटते आणि थांबते; हीट पंप मंद गतीने तासन्‌तास चालतो, त्यामुळे तीच हवा पुन्हा पुन्हा फिल्टरमधून जाते. मर्व्ह १३ (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक कण अडवतो त्याचा दर्जा) घ्या, पण एक इंच जाडीचा नको. तो हवा अडवतो आणि पंख्यावर ताण येतो. चार इंची फिल्टर बसेल अशी पेटी सुरुवातीलाच मागा. २८ जून २०२३ रोजी कॅनडातल्या वणव्यांच्या धुराने डेट्रॉइट जगातल्या सर्वांत खराब हवेच्या शहरांत होतं. त्या दिवशी आम्ही ईआरव्ही बंद केला, पंखा सतत चालू ठेवला, आणि सासूबाईंना खोकल्याचा त्रास झाला नाही.

त्याच सासूबाईंची तक्रार पहिल्या हिवाळ्यात होती की "वारा गरम येतच नाही." खरं आहे. फर्नेसचा झोत ५० अंशांच्या वर असतो, हीट पंपचा ३५-४०, अंगाला कोमटच लागतो. खोली मात्र सारखी उबदार राहते. वडीलधारी माणसं येऊन राहणार असतील तर त्यांची खुर्ची रजिस्टरसमोर (हवा येते त्या जाळीसमोर) ठेवू नका.

तळघर असेल तर कोणतंही यंत्र घेण्याआधी रेडॉन (जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सर्गी वायू) मोजा. लिटरमागे ४ पिकोक्युरी किंवा जास्त आलं तर आधी तो बाहेर काढायची व्यवस्था करा. जिओथर्मलचे पाइप तळघराच्या भिंतीतून आत येतात, ती भोकं नीट सील झाली आहेत का ते स्वतः खाली उतरून बघा.

मग काय घ्यावं?

नैसर्गिक गॅस आहे आणि एसी जुना झालाय: नणंदेसारखा एअर-सोर्स घ्या, फर्नेस राहू द्या, आणि जिओथर्मलचे वाचलेले पैसे ईआरव्ही, हूड आणि फटी बुजवण्यावर घाला. तुमच्या फुप्फुसांना त्याचा उपयोग जास्त होईल. प्रोपेन किंवा तेल आहे, जागा आहे, आणि वीस वर्षं हलायचं नाही: जिओथर्मलचा जरूर विचार करा, पण सवलतीशिवायचा आकडा समोर ठेवून. नवं घर बांधताय तर माझं मत निःसंशय जिओथर्मलकडे. रिग मोकळ्या प्लॉटवर सहज येतो, चिखल कोणाच्या हिरवळीवर होत नाही आणि खर्च गृहकर्जात बसतो.

पुण्याहून भाचा विचारत होता की त्याच्या बंगल्याला हे जमेल का. तिथली खोल जमीन पंचविशीच्या पुढे असते आणि घर गरम करायची गरज जवळजवळ नसते. वर्षभर जमिनीत उष्णताच ओतली जाईल, परत कोणी उचलणार नाही, आणि जमीन हळूहळू तापत जाईल. तिथे चांगला इन्व्हर्टर एसी, छताला उन्हापासून आडोसा आणि स्वयंपाकघराला बाहेर सोडणारा पंखा हेच बरं.

दरपत्रक मागवताना ठेकेदाराला तीन गोष्टी लेखी मागा. मॅन्युअल जे या रूढ पद्धतीप्रमाणे घराच्या उष्णतेचा हिशेब, नुसता "जुनं ५ टनांचं होतं म्हणून नवं ५ टनांचं" नको, कारण मोठं यंत्र उन्हाळ्यात लवकर थांबतं आणि हवेतला दमटपणा तसाच राहतो. ब्लोअर डोअर चाचणीचा (दारात पंखा लावून घर किती गळतं ते मोजण्याचा) आकडा, फटी बुजवण्याआधीचा आणि नंतरचा. आणि ताजी हवा मिनिटाला किती घनफूट येणार, कुठून येणार. आमच्या पहिल्या दरपत्रकात या तिसऱ्या गोष्टीची ओळच नव्हती.