रुंगे-कुट्टा की मल्टिस्टेप?

डिफरन्शियल इक्वेशनसाठी सॉल्व्हर निवडताना अडला असाल, तर माझं मत आधीच सांगतो: समीकरणाच्या उजव्या बाजूची (y′ = f मधल्या f ची) किंमत काढणं फार महाग नसेल, तर रुंगे-कुट्टाच घ्या. ती प्रत्येक पायरी (वेळेचा छोटा तुकडा) नव्याने सुरू करते; मल्टिस्टेप मागच्या काही पायऱ्यांच्या किमतीही वापरते.

मल्टिस्टेपचा फायदा खरा आहे. चौथ्या ऑर्डरची (ऑर्डर जितकी मोठी, तितकी पायरी लहान केल्यावर चूक झपाट्याने घटते) अ‍ॅडम्स-बॅशफोर्थ ही मल्टिस्टेप पद्धत जुन्या किमती जपून ठेवते, म्हणून दर पायरीला उजवी बाजू एकदाच काढावी लागते. आरके-४ ला, म्हणजे चौथ्या ऑर्डरच्या रुंगे-कुट्टाला, चारदा. पण उत्तर झपाट्याने विझणारं असेल, तर पायरी गुणिले ऱ्हासाचा दर हा आकडा अ‍ॅडम्समध्ये ०.३ च्या आत ठेवावा लागतो, नाहीतर उत्तर भडकतं. आरके-४ मध्ये तो २.७८ पर्यंत चालतो. चौपट काम धरलं तरी दर गणनेमागे ०.७ पडतात, म्हणजे इथे आरके-४ दुपटीहून स्वस्त!

शिवाय सुरुवातीला हातात एकच किंमत असते, बाकीच्या तीन बहुधा रुंगे-कुट्टाकडूनच मागून आणाव्या लागतात. सर्किटमधला स्विच पडला की जुन्या किमती निरुपयोगी, पुन्हा पहिल्यापासून. अ‍ॅडम्स-बॅशफोर्थ पद्धत १८८३ मध्ये छापून आली ती द्रवाच्या थेंबांचे आकार मोजण्यासाठी, आणि तसल्या गुळगुळीत वक्रांवर ती आजही छान चालते.

ऑर्डरच्या आकड्याला मात्र भुलू नका. तिसऱ्या ऑर्डरची एक दोन-पायरी एक्स्प्लिसिट (पुढची किंमत थेट जुन्या किमतींवरून काढणारी) पद्धत आहे, चूक दर पायरीला कितीपट होते ते सांगणारी तिच्या समीकरणाची मुळं १ आणि −५. बारीकशी चूक दर पायरीला पाचपट होते, दहा पायऱ्यांत ९७ लाख पट. पायरी लहान केली तर पायऱ्या वाढतात आणि उत्तर आणखी बिघडतं. स्थिर एक्स्प्लिसिट पद्धतीची ऑर्डर तिच्या पायऱ्यांच्या संख्येपलीकडे जातच नाही, हे स्वीडिश गणितज्ञ डालक्विस्ट यांनी १९५६ मध्ये सिद्ध केलं.

स्टिफ समीकरणांत, म्हणजे अतिशय जलद आणि संथ बदल एकत्र असतात तिथे, चित्र पालटतं. तिथे आरके-४ दमतं आणि मल्टिस्टेपमधलीच बीडीएफ (बॅकवर्ड डिफरन्शिएशन फॉर्म्युला) कामाला येते. रासायनिक अभिक्रियांच्या मोठ्या सिस्टिमसाठी मीही तीच घेईन. तिलाही मर्यादा आहेत. ए-स्टेबल (विझणारं उत्तर कितीही मोठ्या पायरीला भडकू न देणाऱ्या) मल्टिस्टेपची ऑर्डर २ च्या वर जात नाही (पुन्हा डालक्विस्ट, १९६३), आणि बीडीएफ सातव्या ऑर्डरपासून पार कोसळते. स्टिफ सिस्टिममध्ये हळूहळू विझणारी कंपनं असतील, तर तिसऱ्या ऑर्डरपासूनच ती दगा देऊ शकते. तिथे रुंगे-कुट्टा घराण्यातलीच राडाऊ घ्या: पाचवी ऑर्डर आणि ए-स्टेबल, फक्त दर पायरी महाग.

पायथनच्या सायपाय लायब्ररीमध्ये आरके४५ (पायरी आपोआप ठरवणारी रुंगे-कुट्टा) ने सुरुवात करा. पायऱ्या विनाकारण बारीक होऊ लागल्या, तर बीडीएफ किंवा राडाऊ लावून बघा. गुळगुळीत उत्तर, कडक टॉलरन्स (चुकीला अगदी कमी मुभा) आणि महाग उजवी बाजू असेल, तर मॅटलॅबचं ओडीई११३ घ्या. ते अ‍ॅडम्सच आहे.