सी प्लस प्लसमध्ये सुरुवातीची किंमत कशी द्यावी: बरोबरचं चिन्ह, गोल कंस की महिरपी कंस?

इंट, म्हणजे पूर्णांक ठेवणाऱ्या व्हेरिएबलला ५ ही किंमत तिन्ही तऱ्हांनी देता येते आणि तिन्हींत निकाल एकच. प्रश्न येतो तो किंमत आणि टाइप जुळत नाहीत तेव्हा.

त्याच इंटला ३.७ द्या. बरोबरचं चिन्ह आणि गोल कंस अपूर्णांक गुपचूप छाटून ३ ठेवतात. महिरपी कंसात हाच आकडा लिहिला तर कोड कंपाइलच होत नाही. २०११ च्या मानकात आलेल्या या पद्धतीचा खरा फायदा हाच. एक मेख मात्र आहे: थेट आकड्याऐवजी डबल (दशांश ठेवणारं) व्हेरिएबल दिलं तर जीसीसी हा कंपायलर एरर न देता नुसती वॉर्निंग देतो. त्यामुळे वॉर्निंगकडे कानाडोळा करणाऱ्याला महिरपी कंसही वाचवू शकत नाहीत.

रिकाम्या गोल कंसांनी भल्याभल्यांना चकवलं आहे. क्लासचं नाव, पुढे व्हेरिएबलचं नाव आणि मग रिकामे कंस, एवढं लिहिलं की कंपायलर त्याला फंक्शनची घोषणा समजतो. ऑब्जेक्ट तयारच होत नाही. एरर येतो तो खाली कुठेतरी, त्या ‘ऑब्जेक्ट’चं मेंबर फंक्शन वापरलं त्या ओळीवर. तिथे महिरपी कंस घाला, भानगड मिटते. इंट असेल तर रिकाम्या महिरपी कंसांनी शून्य मिळतं.

मग सगळीकडे महिरपीच का नकोत? व्हेक्टरमुळे, म्हणजे एकाच टाइपच्या घटकांच्या वाढत्या यादीमुळे. इंटच्या व्हेक्टरला गोल कंसात १० आणि २ दिले तर दहा घटक मिळतात, प्रत्येकाची किंमत २. महिरपी कंसात तेच दिले तर घटक दोनच: १० आणि २. कारण महिरपी कंस दिसले की कंपायलर आधी घटकांची यादी घेणारा कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट तयार करणारं फंक्शन) पाहतो. तो लागू पडला तर बाकीच्यांचा विचारच होत नाही. याहून विचित्र म्हणजे स्ट्रिंगच्या व्हेक्टरला महिरपी कंसात नुसते १० दिले तर दहा रिकाम्या स्ट्रिंग मिळतात, कारण १० ची स्ट्रिंग होत नाही आणि कंपायलर दुसऱ्या कन्स्ट्रक्टरकडे वळतो. टेम्प्लेटमध्ये, म्हणजे टाइप नंतर ठरणाऱ्या कोडमध्ये, टाइप बदलला की त्याच ओळीचा अर्थ बदलतो, तो असा. म्हणून आकारमान सांगायचं असेल तर गोल कंस, घटक सांगायचे असतील तर महिरपी. टाइप कंपायलरनेच ओळखायचा असतो त्या ऑटोसोबत मात्र साधं बरोबरचं चिन्ह बरं. त्या चिन्हापुढे महिरपी कंस आले की इंटऐवजी यादीचा टाइप मिळतो.

किंमतच न देणं हा पर्याय नव्हे. स्थानिक इंटमध्ये काय असेल ते सांगता येत नाही. व्हिज्युअल स्टुडिओच्या डीबग बिल्डमध्ये −८५८९९३४६० दिसलं तर बहुधा हीच चूक. ग्लोबल आणि स्टॅटिक व्हेरिएबल आपोआप शून्य होतात, त्यामुळे कोड तिथून फंक्शनच्या आत हलवला की हा दोष उघडा पडतो.

क्लासच्या मेंबरसाठी ठरलेली किंमत घोषणेच्या ओळीतच द्या. कितीही कन्स्ट्रक्टर वाढले तरी विसरायला होत नाही. बाहेरून येणारी किंमत कन्स्ट्रक्टरच्या इनिशियलायझर लिस्टमध्ये, म्हणजे बॉडीच्या आधी अपूर्णविरामानंतर येणाऱ्या यादीत. कन्स्ट्रक्टरच्या महिरपी कंसांच्या आत, म्हणजे बॉडीत दिली तर स्ट्रिंग आधी रिकामी तयार होते आणि मग भरली जाते. कॉन्स्ट आणि रेफरन्स मेंबरना तर तिथे किंमत देताच येत नाही. लिस्टमधला क्रम कसाही लिहा, मेंबर तयार होतात ते क्लासमधल्या घोषणेच्या क्रमाने. घोषणेत बफर आधी आणि आकार नंतर असेल, आणि बफर आकारावरून बनत असेल, तर तो कचरा किंमत घेऊन बनतो.