तान्ह्या पोळ्याचा नंदी, नथ आणि फेटा: ब्लॉकबेंच घ्यावं की ब्लेंडर?

रोब्लॉक्स या ऑनलाइन गेममधल्या पात्राला नागपुरी साज चढवायचा तर ब्लॉकबेंच आणि ब्लेंडर ही थ्रीडी मॉडेल बनवायची दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. त्यामुळे निवड पैशावर नाही, वस्तूच्या आकारावर करा.

खांद्यावर तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याचा, लाकडी नंदी बसवायचा असेल तर बेलाशक ब्लॉकबेंच. नंदी मुळातच ठोकळ्यांचा: धड, मान, वशिंड, शिंगं, चार पाय, खाली चाकांची पाटी. ब्लॉकबेंच ब्राउझरमध्येच उघडतं, जुन्या लॅपटॉपलाही झेपतं. नवी फाइल 'जेनेरिक मॉडेल' म्हणून उघडा. मिनेक्राफ्टचा ब्लॉक-आयटम प्रकार निवडलात तर त्यात मेश (त्रिकोणांनी बनलेला हव्या त्या आकाराचा पृष्ठभाग) घेता येत नाही आणि चाकं चौकोनीच राहतात. गोल चाकाला आठ बाजूंचा सिलिंडर पुरतो. एका ठोकळ्याचे १२ त्रिकोण, म्हणजे २० ठोकळ्यांचे २४०. रोब्लॉक्सची मर्यादा एका अ‍ॅक्सेसरीला, म्हणजे पात्राला घालायच्या वस्तूला, ४,००० त्रिकोणांची, तेव्हा हात मोकळा आहे.

अडतं ते पुढे. वशिंड आणि पाठ यांचे पृष्ठभाग एकाच पातळीवर आले की गेममध्ये तिथे रंग लुकलुकतो. एक ठोकळा ०.१ ने सरकवा. झूल ६४×६४ पिक्सेलच्या चित्रावर रंगवली तर रोब्लॉक्समध्ये ठिपक्यांच्या कडा पुसट होतात, म्हणून चित्र 'निअरेस्ट' पद्धतीने (ठिपके न मिसळता मोठे करणारी) ५१२×५१२ करून घ्या. आणि ठोकळे सुटे सुटे बाहेर पडतात, पण अ‍ॅक्सेसरी एकच मेश असावी लागते. रोब्लॉक्स स्टुडिओ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरच्या इम्पोर्टरमध्ये (मॉडेल आत घेण्याच्या खिडकीत) 'मर्ज मेशेस' चालू करायला विसरू नका.

नथ मात्र थेट ब्लेंडरमध्येच करा. इथे पहिल्याच मोत्याला चूक होते. ब्लेंडरचा नेहमीचा गोळा, यूव्ही स्फिअर, ९६० त्रिकोणांचा असतो. पाच मोती झाले की ४,८०० होऊन मर्यादा ओलांडली. त्याऐवजी त्रिकोणांचाच बनलेला आयको स्फिअर, सबडिव्हिजन (बारकाव्याची पातळी) २ घ्या: एक मोती ८० त्रिकोणांचा, बारा मोत्यांचे ९६०. शेड स्मूथ (कडा गुळगुळीत दाखवणारा पर्याय) केलं की एवढ्याशा मोत्याचे कोपरे दिसतच नाहीत. तारेची गोल कडी म्हणजे टोरस. तो मूळ ४८×१२ भागांचा असतो, म्हणजे १,१५२ त्रिकोण. २०×६ केलात की २४०. शेवटी सगळे भाग निवडून कंट्रोल-जे ने जोडा.

फेट्यालाही ब्लेंडरच. प्रत्येक घडी मेशमध्ये कोरू नका. सहा-सात जाड पीळ मेशमध्ये, बारीक चुण्या टेक्स्चरमध्ये (वर चढवायच्या चित्रात). शेमला नुसत्या सपाट पत्र्याचा केला तर तो मागून गायब होतो, कारण मेशची उलटी बाजू गेममध्ये दिसत नाही. ब्लेंडरच्या 'सॉलिडिफाय' मॉडिफायरने थोडी जाडी द्या. निर्यातीआधी कंट्रोल-ए ने स्केल-रोटेशन पक्कं करा आणि एडिट मोडमध्ये सगळं निवडून शिफ्ट-एन ने नॉर्मल (पृष्ठभागाची दर्शनी दिशा) बाहेरच्या बाजूला वळवा. हे राहिलं तर फेटा कुठे भोकं पडल्यासारखा, कुठे आतून बाहेर उलटल्यासारखा दिसतो.

लॅपटॉप जुना असेल तर एक अडचण आहे: ब्लेंडर ४.० पासून पुढच्या आवृत्त्यांना विंडोजवर ओपनजीएल ४.३ (ग्राफिक्स कार्डाने पुरवायची सोय) लागतं. तेवढं नसेल तर ३.६ घ्या, या कामाला ती पुरते. आणि मे महिन्यात, बाहेर ४५ अंश असताना, बेकिंगचं (बारकावे टेक्स्चरमध्ये उतरवण्याचं) काम सकाळीच उरका. तापलेला लॅपटॉप स्वतःहून वेग कमी करतो.

पुढचं काम दोन्हीकडे सारखंच. स्टुडिओच्या अ‍ॅक्सेसरी फिटिंग टूलमध्ये फेट्याला 'हॅट', नथीला 'फेस', नंदीला 'शोल्डर' निवडा आणि निरनिराळ्या बांध्याच्या पुतळ्यांवर घालून बघा. फेट्याखाली केसांची अ‍ॅक्सेसरी असेल तर बटा कापडातून बाहेर येतात, म्हणून दोन-तीन केशरचना लावूनच उंची ठरवा. नथ अवघड, कारण कित्येक चेहऱ्यांना उठावाचं नाकच नसतं. ती चेहऱ्यापासून किंचित पुढे ठेवली तर आत बुडत नाही.