लेखी हरकत की जनसुनावणीत तोंडी म्हणणे?

जालन्याच्या एका स्नेह्यांनी विचारले की, वीजदरवाढीवर हरकत लेखी पाठवावी की सुनावणीला जाऊन बोलावे. त्यांना फ्रँचायझीच्या, म्हणजे वीज कंपनीच्या वतीने एखाद्या भागात वीज वाटणाऱ्या कंपनीच्या, करारावरच बोलायचे होते. पण विद्युत अधिनियम, २००३ नुसार फ्रँचायझीला वेगळा परवाना लागत नाही आणि जबाबदारी मूळ परवानाधारक वीज कंपनीचीच राहते. तेव्हाच्या औरंगाबादेत २०११ ते २०१४ या काळात फ्रँचायझी होती, तरी दर ठरवणे वीज नियामक आयोगाकडेच होते. कलम ६४ प्रमाणे दराचा आदेश काढण्यापूर्वी आयोगाला लोकांच्या सूचना व हरकती विचारात घ्याव्या लागतात. ग्राहकाचे हक्काचे दार ते.

खर्चात लेखी हरकत स्वस्त, कारण बोलायला गेल्यास प्रवासभाडे आणि दिवस दोन्ही जातात. टिकण्याच्या बाबतीतही कागदच सरस: बारा महिन्यांची बिले जोडता येतात आणि आकडा जसाच्या तसा नोंदीत राहतो. तोंडी म्हणण्याला वेळ थोडा, त्यात आधीचा वक्ता लांबला तर आणखी थोडा. मात्र पंपाच्या जळालेल्या मोटारीची काळी पडलेली तार समोर ठेवली, तर विजेच्या कमी दाबाची तक्रार वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

बिलातील आकारणीवर आक्षेप असेल त्याने मुदतीत लेखी हरकत द्यावी. गावाच्या पुरवठ्याचे गाऱ्हाणे असेल त्याने अर्जात तोंडी बोलण्याची इच्छाही नोंदवून प्रत्यक्ष जावे.