नोमेक्स ४१० पेपर: ड्राइव्हवरच्या मोटरी भरणाऱ्यांसाठी

मोटर भरायच्या (रिवाइंड करायच्या) कामात स्लॉटमध्ये, म्हणजे कॉइल बसतात त्या खाचांत, इन्सुलेशन म्हणून लेदराईड (जाड कागद) किंवा मिलिनेक्स (पॉलिएस्टर फिल्म) घालणारे अजून खूप आहेत, साध्या पंपाला ते चालूनही जातं. पण फाउंड्रीतला ब्लोअर, क्रेन, ओव्हनचा फॅन असल्या तापणाऱ्या मोटरीला मी आता ड्युपॉन्टचा नोमेक्स ४१० च घालतो आणि जबरदस्त खूश आहे.

हा अरामिडचा, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या कृत्रिम धाग्याचा, पेपर आहे, २२० डिग्रीचं रेटिंग. इन्सुलेशनच्या तापमानाच्या क्लासांत एफची हद्द १५५, एचची १८०, म्हणजे हाताशी मार्जिन राहतं, आणि तापमान दर १० डिग्रीनं वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं हे लक्षात घेतलं तर हे मार्जिन केवढं मोलाचं आहे ते कळेल. मिलिनेक्स अडीचशेच्या पुढेमागे वितळतो, नोमेक्स वितळतच नाही. कॉइल दाबून बसवताना स्लॉटच्या धारेवर फाटत नाही, कफ (स्लॉटच्या टोकाला दुमडलेली कड) दुमडला तरी चिरत नाही. ०.२५ मिमीचा थोडा कडक आहे, छोट्या स्लॉटला ०.१८ घ्या.

महाग आहे, लेदराईडच्या कितीतरी पट. बजेट नसेल तर एनएमएन घ्या, दोन्ही बाजूंना नोमेक्स आणि मधे पॉलिएस्टर फिल्म असते, क्लास एफला मस्त चालतो.

आता महत्त्वाचं. गिऱ्हाईक म्हणतं नोमेक्स घातलाय ना, मग ड्राइव्हवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या इन्व्हर्टरवर) बिनधास्त चालवतो. तसं नाही हो! ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हचा डीसी बस (आतला डीसी व्होल्टेज) ५८५ व्होल्टच्या आसपास असतो, आतले आयजीबीटी (इलेक्ट्रॉनिक स्विच) इतक्या झटक्यात स्विच होतात की केबल लांब असली की मोटरच्या टर्मिनलवर जवळपास दुप्पट स्पाइक येतो, आणि त्याचा सगळ्यात जास्त मार बसतो तो पहिल्या कॉइलच्या पहिल्या वेढ्यांवर. तिथे वेढ्या-वेढ्यांत पेपर नसतोच, नुसतं तारेचं इनॅमल असतं. म्हणून इन्व्हर्टर ड्यूटी वायर (असे स्पाइक सोसणाऱ्या इनॅमलची तार) घ्या, फेज सेपरेटर (दोन फेजच्या कॉइलमधला पेपर) ओव्हरहँगमध्ये, म्हणजे स्लॉटबाहेर आलेल्या कॉइलच्या भागात, पूर्ण सरकवा, वॉर्निश आणि स्लीव्ह (तारांवरची नळी) सुद्धा क्लास एचचेच वापरा, नाहीतर सगळ्यात कच्च्या मालाचा क्लास तोच अख्ख्या मोटरीचा क्लास.

एक दोष म्हणजे पेपर ओल धरतो. पावसाळ्यात रोल प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, वॉर्निशच्या आधी स्टेटर ओव्हनमध्ये नीट तापवा आणि मेगर (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणारं मीटर) लावून रीडिंग बघूनच पुढे जा. ऑर्डर देताना जाडी मिमीमध्येच सांगा, दुकानदार मिलमध्ये (इंचाच्या हजाराव्या भागात) बोलतात, १० मिल म्हणजे ०.२५ मिमी.