चेंज, अल्टर, अमेंड की कन्व्हर्ट? इंग्रजीत ‘बदल’ लिहिताना

इंग्रजीत अर्ज लिहायला बसलं की आपल्या एका ‘बदला’साठी पाच-सहा क्रियापदं समोर येतात, आणि शब्दकोशात सगळ्यांपुढे जवळजवळ तोच अर्थ असतो. निवड करताना मी एकच गोष्ट पाहतो: बदल झाल्यावर जुन्यातलं किती शिल्लक राहणार? त्याचं उत्तर बहुतेक वेळा शब्दाच्या मुळात सापडतं.

सांगलीत शिंप्याकडे पँट कमरेत कमी करायला दिली की आपण ‘अल्टर करून द्या’ म्हणतो. तीच पँट दुकानातून चुकीच्या मापाची आली, तर ‘चेंज करून द्या’ म्हणतो. दोन्ही अगदी बरोबर. चेंजचं मूळ उत्तरकालीन लॅटिनमधल्या अदलाबदलीच्या क्रियापदात आहे. 13व्या शतकात फ्रेंचमार्गे ते इंग्रजीत आलं. एक्स्चेंज त्याच घरातला, आणि एसटीचा कंडक्टर मागतो ते ‘चेंज’ही तिथलंच. एक देऊन दुसरं घ्यायचं, हा त्याचा गाभा. आपला ‘बदल’ अरबीतून आला, आणि तिथेही अर्थ ‘एकाच्या जागी दुसरं’ असाच आहे. अल्टर मात्र ‘दोघांतला दुसरा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलं. एक दिवस सोडून पाणी येतं तेव्हा आपण वापरतो तो ‘अल्टरनेट’ त्याचाच भाऊ. अल्टरमध्ये वस्तू तीच राहते, तिचा एखादा भाग वेगळा होतो. शंका असेल तिथे चेंज लिहा, सहसा चुकणार नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र जपून. जन्मदाखल्यावर नाव चुकलं म्हणून अर्ज करताना अनेक जण अल्टर लिहितात. ते टाळावं, असं मी आग्रहाने सांगेन. कायद्याच्या इंग्रजीत अल्टरेशनला खाडाखोडीचा वास आहे. 1881च्या पराक्राम्य संलेख कायद्याच्या 87व्या कलमात ‘मटेरियल अल्टरेशन’ येतं ते चेक किंवा हुंडी रद्दबातल ठरवणारा फेरफार म्हणून. इथे हवं ते करेक्ट. अमेंडही चालेल, त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थच ‘दोष बाहेर काढणे’, आणि डागडुजीचा मेंड हे त्याचंच आखूड रूप. घटनेच्या दुरुस्तीला अमेंडमेंट म्हणतात. पण लग्नानंतर नाव बदलताना आधीचं नाव काही चूक नसतं. तिथे चेंजच लिहायचं.

मॉडिफायचं मूळ ‘मोडस’, म्हणजे माप. इंग्रजीत आलं तेव्हा त्यात मर्यादेत आणण्याचा अर्थ होता, आजही ते बेताच्या फेरफाराला शोभतं. प्लॅनमध्ये, डिझाइनमध्ये, अटींमध्ये ते वापरा.

खरा गोंधळ पुढच्या दोघांत होतो. कन्व्हर्ट म्हणजे मुळात वळवणे. त्याचं लॅटिन क्रियापद आणि आपल्या ‘परिवर्तना’तला ‘वृत्’ धातू एकाच आदिमुळातून आले आहेत. घरातला इन्व्हर्टरही त्याच कुळातला. शेतजमीन एनए होते तेव्हा माती तीच, गट तोच, वापर फक्त दुसरीकडे वळतो, म्हणून इंग्रजीत तिथे कन्व्हर्ट. वापरताना कशातून कशात हे सांगावं लागतं, नाहीतर वाक्य अर्धवट वाटतं. ट्रान्सफॉर्मचं ‘फॉर्म’ म्हणजे आकार, रूप. रूपच पालटावं लागतं. मिरजेत भोपळा वाळवून, कोरून त्याचा तंबोरा होतो, तिथे ते शोभतं. तारा जुळल्यावर भोपळा कुणाला आठवत नाही. पण ते वाद्य घडवणाऱ्यांची गोष्ट सांगायची तर क्रियापद वेगळं. हत्यारांना धार लावणारी शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळली. माणसं तीच, हातातलं कसब तेच. त्यांच्यासाठी मी टर्न निवडेन. टर्नचं लॅटिन क्रियापद लेथवर फिरवून गोल घडवण्याचं होतं, आणि आयटीआयमधून टर्नर होऊन कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर उभा राहणारा मुलगा आजही तेच काम करतो.

बायोडेटात ट्रान्सफॉर्म फार स्वस्त झालाय. स्टोअरचं रजिस्टर कॉम्प्युटरवर नेलं असेल तर कन्व्हर्ट लिहा, मशीनची मांडणी सुधारली असेल तर मॉडिफाय. मुलाखत घेणाऱ्याने नेमकं काय केलं म्हणून विचारलं, तर या शब्दांना उत्तर देता येतं.

तांत्रिक नावांना मात्र ही कसोटी लावू नका. गावातला ट्रान्सफॉर्मर 11,000 व्होल्टचे 433 करतो, पण वीज एसीच राहते. एसीची डीसी करणाऱ्याला कन्व्हर्टर म्हणतात. डिप्लोमाच्या पेपरात पुस्तकातलं नाव जसंच्या तसं लिहायचं.