ग्रँड व्हिटारा हायब्रिड आणि नेक्सॉन ईव्ही : साताऱ्यातून पाहता धूर कोणाचा कमी?

आमच्याकडे मारुतीची ग्रँड व्हिटारा स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असलेली, पण प्लगला न लागणारी गाडी) आहे आणि धाकट्या भावाकडे सुमारे ४० युनिट वीज मावणाऱ्या बॅटरीची, पूर्णपणे विजेवर चालणारी टाटा नेक्सॉन ईव्ही. दोन्ही गाड्या सातारा शहरात, महामार्गावर आणि घाटात आलटून पालटून चालवल्या असून, येथे केवळ प्रदूषणाच्या दृष्टीने त्यांची तुलना करीत आहे.

हायब्रिडचे प्रमाणित मायलेज लिटरला २७.९७ किलोमीटर असले, तरी आम्हाला २० च्या आसपास मिळते. लिटरभर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे किलोमीटरला ११५ ग्रॅम. तेलशुद्धीकरण आणि वाहतुकीचा धूर वेगळाच. नेक्सॉन एका युनिटमध्ये साधारण सात किलोमीटर जाते. परंतु देशातील बहुतांश वीज अद्याप कोळशावर तयार होत असल्याने युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरावा लागतो, आणि हिशेब किलोमीटरला १०० ग्रॅमवर, चार्जिंगमधील गळती धरल्यास त्याच्याही थोडा वर जातो. त्यात एवढी मोठी बॅटरी बनवतानाच काही टन कार्बन खर्ची पडलेला असतो. शोरूममध्ये ऐकवले जाणारे ‘शून्य प्रदूषण’ त्यामुळे फक्त गाडीच्या मागच्या बाजूपुरते खरे आहे.

आपल्याकडे कोयना आहे, चाळकेवाडीला पवनचक्क्या आहेत, मग आपली वीज स्वच्छच, असे साताऱ्यात अनेकजण सांगतात. ग्रिड, म्हणजे वीज वाहून नेणारे जाळे, सर्वांचे एकच असल्याने हा युक्तिवाद टिकत नाही. कोयनेचे पाणी प्रामुख्याने मागणी चढते तेव्हा वापरले जाते, पवनचक्क्यांचा खरा हंगाम पावसाळ्याचा, आणि गाडी तर आपण रात्री जेवणे आटोपल्यावर प्लगला लावतो.

खरा फरक पसरणी घाटात दिसतो. उतारावर वेग आवरताना दोन्ही गाड्यांची मोटर उलट वीज तयार करून बॅटरीत भरते. हायब्रिडची बॅटरी एका युनिटपेक्षाही लहान असल्यामुळे पाचगणीहून वाईकडे उतरताना अर्धा घाट संपण्याआधीच ती भरते. मग इंजिन पेट्रोल न जाळता नुसतेच गुरगुरत ब्रेकचे काम करू लागते आणि उताराची उरलेली ऊर्जा वाया जाते. नेक्सॉन मात्र पायथ्यापर्यंत चार्ज गोळा करीत राहते (अर्थात वरूनच पूर्ण चार्ज करून निघालात, तर तिलाही ती साठवायला जागा नसते).

भावाने छतावर ३ किलोवॉटचे सोलर बसवले आहे. पीएम सूर्यघर योजनेत त्याला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते. स्वच्छ उन्हात त्यातून दिवसाला दहा-बारा युनिट निघतात आणि गाडीच्या रोजच्या फिरण्याला त्यातली निम्मीही लागत नाहीत. सुटीच्या दिवशी दुपारी गाडी थेट त्यावर चार्ज केली, तर हायब्रिड तिच्या जवळपासही येत नाही. शिवाय ग्रिडमधील कोळसा घटेल तसतशी नेक्सॉन आहे त्या जागी स्वच्छ होत जाईल; हायब्रिडला ती सोय नाही.

स्वतःचे छत असणाऱ्याने म्हणूनच निःशंकपणे इलेक्ट्रिक घ्यावी. पार्किंगमध्ये साधा प्लगही न मिळणाऱ्या फ्लॅटधारकाने सध्या हायब्रिड घेतली, तर मी त्याला नावे ठेवणार नाही.